पुन्हा पाणी

"पाणी," टॅब्लेट बोलला.

बाप एका पायात बूट घालून दारात उभा होता. आई पेला घेऊन धावली. भिंगरीने तो हाताने उडवला. फरशी भिजली, बापाचा दुसरा बूट भिजला. भिंगरीने पुन्हा त्याच चित्रावर बोट टेकवलं.

"पाणी."

"आता काय डोकं आपटायचं?" आई मटकन खाली बसली.

भिंगरी स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून भिंगरी. तोंडातून शब्द फुटत नव्हता. शाळेतल्या बाईंनी टॅब्लेट दिला होता. चित्राला बोट लावलं की त्यातलं ॲप शब्द बोलायचं. "चित्रं तुमच्या घरातलीच घाला," बाई म्हणाल्या होत्या. बापाने घरभर फिरून हौसेने फोटो काढले. आई, ताट, पलंग, खिडकी, चप्पल. तो भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामावर होता. तेव्हा पाण्याचा स्टीलचा पेला आधी घासून लख्ख केला, मगच त्याचा फोटो घेतला.

पण पोरगी बाकी चित्रांकडे ढुंकून बघेना. नुसतं पाणी. आणि खरी तहान लागली की टॅब्लेट सोडून आईला ओढत नळाकडे न्यायची. बाईंनीही हात टेकले. "तिला अर्थ कळत नाहीये. आज परत आणून द्या, दुसरी मुलं थांबली आहेत."

"दिवसभर हेच चालतं," आई म्हणाली. "तुम्ही घरी आलात की तेवढी गप्प."

म्हणजे माझ्यासमोर तेवढंही बोलायचं नाही, बापाला वाटलं. त्याला वाईट वाटलं, आणि कोणावर रागवावं तेही कळेना.

तो टॅब्लेट पिशवीत टाकायला गेला. भिंगरीने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग बोट नेमकं पेल्याच्या पोटावर ठेवलं.

"पाणी."

असं आहे तरी काय यात? वैतागून त्याने फोटो मोठा केला. आईही वाकली. लख्ख पेल्याच्या पोटात एक बुटका, वाकडातिकडा माणूस उभा होता. डोक्यावर कारखान्याची टोपी, तोंडासमोर धरलेला फोन.

"अहो, हे तर तुम्ही."

घरातल्या झाडून सगळ्याचे फोटो त्याने काढले होते. स्वतःचा तेवढा राहिला होता. त्याने पायातला बूट काढला आणि भिंगरीजवळ बसला. तिने टॅब्लेट बाजूला ठेवून दिला.