हिरवा आकडा

"दप्तर उलटं कर," आई म्हणाली.

ठमीने केलं. फरशीवर वह्या पडल्या, कंपासपेटी, तुटकी पट्टी, नाक पुसलेला रुमाल. आईने एकेक वही झटकली. चॉकलेटचा कागद काही निघाला नाही. काल तिने गादीखाली पाहिलं होतं, परवा कपाटामागे.

"जागा बदलली असेल," आजी खाटेवरून म्हणाली. "मांजर डोळे मिटून दूध पितं."

"मी काहीच नाही खाल्लं. आईशप्पथ!"

"आईची शपथ घेतेस आणि आईचाच जीव घेतेस," आई म्हणाली, आणि तिचा हात उठला. ठमीच्या गालावर चार बोटं उमटली.

अकरा वर्षांची पोर. वर्गात तिला भोपळी म्हणत. चार महिने साखर बंद, तळलेलं बंद. वाढदिवसाला तिने काकडीत मेणबत्ती खोचली होती आणि स्वतःच हसून टाळ्या पिटल्या होत्या. रोज संध्याकाळी चौकातल्या मैदानाला दहा फेऱ्या मारायची. मैदानाच्या एका अंगाला ट्रकचा रस्ता, दुसऱ्या अंगाला भट्टीची चिमणी. पळून आली की खोकत बसायची. मग बाबा म्हणायचे, "बघ, दमच नाही अंगात. अजून दोन फेऱ्या मार."

दुपारी तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी नवा रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"साखर आणखी वर सरकली आहे. अजून मधुमेह म्हणणार नाही मी, पण तो उंबऱ्यात येऊन उभा आहे."

"अहो, पण हिला आम्ही कोंबडीच्या पिल्लासारखं दाणे मोजून घालतो," आई म्हणाली. "घराण्यात कुणाला नाही. मग येते कुठून?"

"एक शंका मलाही आली होती. हवा. धुरातली बारीक धूळ छातीतून रक्तात उतरते. वर्षानुवर्षं उतरत राहिली की शरीर आतून सुजतं, मग साखर रक्तातच फिरत बसते, पेशींत शिरत नाही. वजनही वाढू शकतं. एकटी हवा हे करते असं नाही, पण हातभार लावते."

"तेच म्हणतेय मी! सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोट फिरवलं तर काळं होतं."

"म्हणून तर मी बघितलं." त्यांनी मोबाइल पुढे धरला. "हे तुमच्या चौकातलं, हवा मोजायचं यंत्र. पाच वर्षांचे आकडे आहेत. सगळे हिरवे. म्हणजे हवा स्वच्छ. मग उरलं काय? खाणं." त्या ठमीकडे वळल्या. "बाळा, खरं सांग. रागावणार नाही मी."

ठमीने मान खाली घातली. पुटपुटली, "खाते मी. चोरून."

"काय खातेस?"

तिला एकही नाव सुचेना.

आईने ते पाहिलं. पोर खोटं बोलत होती. सुटका व्हावी म्हणून न केलेली चोरी कबूल करत होती. आईने नवऱ्याकडे पाहिलं. तो नगरपालिकेच्या टँकरवर ड्रायव्हर होता, धिप्पाड गडी, कुणाला न भिणारा. आता मात्र त्या मोबाइलकडे साप दिसल्यासारखा बघत होता.

बाहेर आल्यावर जिन्यातच तो म्हणाला, "त्या यंत्राभोवती रोज पाणी मी मारतो."

"कसलं पाणी?"

"टँकरचं. सकाळपासून चार फेऱ्या. कागदावर झाडांना पाणी म्हणून लिहितात. पण साहेबांनी सांगितलंय, फवारा यंत्राच्या अंगावरून न्यायचा. धूळ बसते. आकडा उतरतो."

"किती दिवस?"

"यंत्र बसलं तेव्हापासून."

आईने जिन्याचा कठडा धरला.

"पाच वर्षं? पाच वर्षं तुम्ही त्या डब्याला आंघोळ घालताय, आणि मी पोरीच्या उशीखाली कागद शोधतेय?"

"मला काय माहीत गं? पाणीच तर होतं. कुणाचं काय वाईट होणार, वाटलं. आणि वरून हुकूम—"

"वरून तर राखही पडते! तीही झेला!" जिन्यातली माणसं थांबून बघायला लागली. तिला पर्वा नव्हती. "मी हात उचलला हो हिच्यावर. सकाळीच. तुम्ही तिथेच दाढी करत होतात."

 

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्यासोबत टँकरमध्ये चढून बसली. ड्यूटीवर बायकोला नेता येत नाही, हे त्याने सांगून पाहिलं. तिने दार ओढून घेतलं.

चौकात त्याने टँकर कडेला लावला. नळीला हात लावला नाही. ट्रक सुरू झाले, भट्टी पेटली. यंत्राच्या खांबावरच्या फलकावर हवेचा आकडा हिरवा होता. तासाभराने पिवळा झाला. मग नारिंगी. दहा वाजता तो लाल झाला आणि वर चढतच राहिला. येणारीजाणारी माणसं माना वर करून थबकू लागली. एका बाईने कडेवरच्या बाळाच्या नाकावर पदर धरला.

फोन वाजला. साहेब. त्याने तो दोनदा वाजून बंद होऊ दिला. तिसऱ्यांदा तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या काचेतून आकड्याकडे बघत होती. त्याने फोन उचलला.

"अरे, झोपलास काय? पाणी कुठाय? फलक बघ जरा! नोकरी नकोय का तुला?"

 बोलला तेव्हा त्याचा आवाज हलला नाही.

"मुलीचा रिपोर्ट आला, साहेब. आता हवेचाही येऊ द्या."