रॅम्पच्या जागी सोफे

"रॅम्प कुठाय?" तालमीसाठी स्टेजवर आलेल्या शलाकानं विचारलं.

टूरच्या प्रत्येक शहरात ती त्या रॅम्पवरून गात गात थेट मागच्या स्वस्त तिकिटांपर्यंत जायची. इथे रॅम्पच्या जागी पांढऱ्या खोळींचे सोफे मांडले होते आणि टीपॉयवर काजूच्या बश्या.

"साहेबांची मंडळी बसणार," आयोजक म्हणाला. "त्यांच्या शब्दाशिवाय हे स्टेडियम मिळत नाही ताई, समजून घ्या."

तिनं समजून घेतलं. फुकट्यांना गादी आणि तिकीट काढणाऱ्यांना कठडा, हे न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. तिनं लाइटवाल्या हर्षदला हाक मारली आणि स्टेडियमच्या पार टोकाचा, साउंडच्या मशीनशेजारचा चौथरा दाखवला.

"अख्खा शो मी तिथून गाणार."

"ताई, धूर पुढं, पडदा पुढं, नाचणारे पुढं."

"मोठा लाइट मागं वळतो का?"

"वळतो."

"मग वळव."

आयोजकाच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब उठून गेले तर पुढच्या वर्षी या गावात शो नाही."

"मग यंदाचा नीट करू."

संध्याकाळी स्टेडियममधले दिवे मालवले, ड्रम कडाडले आणि लाइट गर्रकन उलटा फिरला. कठड्यामागच्या पोरापोरींना क्षणभर कळेचना. मग ती हाताच्या अंतरावर गाताना दिसली आणि स्टेडियमचं छप्पर उडायची वेळ आली.

दुसऱ्या गाण्याला साहेब सोफ्यावर उलटे वळून गुडघ्यांवर उभे होते. गर्दीवरून मान उंचावत ते कार्यकर्त्याला म्हणाले, "तू तरी खाली बस की. काही दिसंना."