धरलेली जागा

खोटं बोललो तर माझी कवळी या बिअरमध्ये पडो. जानेवारीत आम्ही वेल्सची माणसं अंग शेकायला आफ्रिकेजवळच्या लान्सारोते या स्पॅनिश बेटावर जातो. तिथं उजाडायच्या आत पोहण्याच्या तलावाकाठी टॉवेल टाकून आरामखुर्ची धरावी लागते, नाहीतर जर्मन बसतात. त्या सकाळी घरादाराचे टॉवेल कोपऱ्यातल्या खुर्चीवर टाकून, गप्पा हाणत, कॉफी पिऊन मी खोलीवर परतलो, तर पाच वर्षांची नात बेथन बिछान्यात नव्हती. दार सताड उघडं. सगळे खाली धावलो. तलावात तिची एक गुलाबी चप्पल तरंगत होती. माझ्या मुलानं, तिच्या बापानं, कपड्यांसकट उडी मारली आणि तो तळ चाचपू लागला. "बेथन! अगं बेथन!" बायकोच्या, ग्लेनिसच्या, हाकांनी समुद्रापलीकडे आफ्रिकेतले उंट दचकले असतील. तेवढ्यात आमचा जर्मन टॉवेलवैरी डिटमार शीळ घालत आला आणि त्यानं आमचा ढीग खुशाल उचलला. खाली बेथन! अंगाचं मुटकुळं, डोळे गच्च मिटलेले. डिटमारच्या हातातून टॉवेल गळाले. तिनं एक डोळा किलकिला केला. "आजी, मी मुळीच हलले नाही हं. काल जेवताना तूच म्हणालीस ना, कुणी कितीही हाका मारल्या तरी जागा सोडायची नाही?" ग्लेनिसनं तिला उराशी आवळलं. मग डिटमारला म्हणाली, "बस बाबा, तूच बस तिथं." तो ओल्या फरशीवरच बसला. भर उन्हातली ती खुर्ची दिवसभर रिकामी राहिली.