नाही म्हणायचा सराव

"घे की रे, गडी हायस का न्हाई?" दहावीतली यशोधरा पाण्याचा पेला पुढं धरायची.

"न्हाई, ताई," सातवीतला आदेश मान हलवायचा.

दारूला नाही म्हणायचा हा सराव शाळेनं मोठ्या मुलांवर सोपवला होता. यशोधरा कधी चिडवायची, कधी दम द्यायची. आदेश एकदाही चुकला नाही.

अवसरीच्या यात्रेत आदेशच्या वडलांचा, आबांचा, बैलगाडा शर्यतीत पहिला आला. सोमवारी आदेश तिच्यासमोर खाली मान घालून उभा राहिला.

"प्यालास?"

"व्हय."

"कुणी चिडवलं? कुणी दम दिला?"

"कुणीच न्हाई. आबांनी गुलालाच्या हातानं जवळ वढलं, 'बाळा' म्हणाले, आन् आपल्या हातानं पाजली. त्याआधी त्यांनी मला कधी जवळ घेतलंच न्हवतं, ताई."