भावनाची कबुली

"ताई, शेवटचं विचारते. तंबाखू किती खात होता?" समुपदेशक टीना मॅडमनी पेन उघडून धरलं.

"सोडली होती मी," भावना म्हणाली.

हेच ती सकाळपासून सांगत होती. सांगून सांगून जीभ जड झाली होती. आता तिला राग येत नव्हता, रडूही येत नव्हतं. काचेपलीकडे तिचं बाळ पेटीत ठेवलं होतं. मूठभर जीव, पण हातपाय थरथरायचे, किंचाळून रडायचं, दूध तोंडात धरायचं नाही. बाळाच्या अंगात तंबाखूचा अंश आहे, एवढं सांगून डॉक्टर मोकळे झाले होते.

भावनाला लग्नाआधीपासून खर्र्याची सवय होती, हे खरं. त्यात नवरा नंदलाल लाखनीला हायवेवर पानठेला चालवणारा. सुपारी, चुना, तंबाखू पन्नीत घोटून खर्रा देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण दिवस राहिले, गावच्या आशा सेविकेनं बजावलं आणि भावनानं तंबाखू बंद केली. सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. डोकं फुटायचं, ती विनाकारण रडायची, सासूच्या अंगावर धावून जायची. मग नंदलालच रोज तिच्यासाठी नुसत्या सुपारीचा साधा खर्रा वेगळा घोटून आणू लागला. झणका यावा म्हणून चुना जरा जास्त. हळूहळू तिची तडफड थांबली. एवढी जुनी सवय सुटली, याचा तिला केवढा अभिमान वाटला होता. गल्लीभर सांगत फिरली होती.

"हे बघा," टीना मॅडम समजावू लागल्या, "अशा बाळांसाठी सरकारी मदत आहे. नर्स घरी येईल, तपासणीला न्यायला गाडी येईल, दोन वर्षं उपचार फुकट. पण आईनं खरं सांगितलं तरच यादीत नाव लागतं. कारण माहीत नाही म्हटलं, की वरून नकार येतो."

"मंग माझ्या लेकराले काहीच नाई भेटन?"

"मी तरी काय करू, ताई?"

भावनानं शेजारी बसलेल्या नंदलालकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. दवाखान्यात आल्यापासून तिच्या नजरेला नजर देत नव्हता. यालाही आपलं खरं वाटत नाही, असं तिच्या मनात आलं. तेही तिला फारसं लागलं नाही.

"लिहा," ती म्हणाली. "चोरून खात होती मी. रोज. पार बाळंतपणापर्यंत."

"आधीच सांगायचं ना," टीना मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "बाळाचं नाव लागेल आता."

बाकावरची एक बाई पदर तोंडाला लावून भावनाकडे बघत राहिली.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर भावना भिंतीला टेकली.

"खोटं बोलली मी," ती म्हणाली. "आता जिंदगीभर सारे मलेच नावं ठेवतीन. ठेवू द्या. लेकराचं तर भलं होईन."

नंदलाल मान वर करेना.

"तू खोटं नाई बोलली, भावना," तो म्हणाला. "तू रडून राहिली होती, मले पाहवत नव्हतं. तुझ्या साध्या खर्र्यात रोज चिमूटभर तंबाखू टाकत होतो मी."