शोभेचं चाक

नेपाळहून आलेला व्यापारी स्टॉलसमोर उकिडवा बसला आणि तिथं मांडलेल्या बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागी बोट घालू लागला. बोट जाईना. तिथं भोक नव्हतंच, काळ्या रंगाचा नुसता ठिपका होता.

स्टॉलमागे उभ्या आनंदा मिस्त्रीनं नजर दुसरीकडे वळवली.

नवीन पनवेलच्या त्या हॉलमध्ये सकाळपासून भाषणं चालली होती. भारत, नेपाळ, बांगलादेश जोडणारा मोठा मार्ग होणार, इथं भरलेला ट्रक सीमेवर न उतरवता थेट पलीकडे जाणार, सगळ्यांचा धंदा वाढणार. आनंदाच्या डोक्यात त्यातलं निम्मंच शिरलं. तो आला होता सुनेच्या शब्दाखातर. कोमलनं धडपड करून स्टॉल मिळवला होता. एक्सप्रेस-वेवरच्या हॉटेलांना भिंतीवर टांगायला चाकं लागतात, तशी परदेशातही लागतील, असा तिचा होरा. आनंदाच्या चाकांच्या कारखान्याचं अंगण उद्या बिल्डरला लिहून द्यायचं होतं, बदल्यात फ्लॅट. शोभेच्या चाकांना जागा ती कितीशी लागते, असं तिचं म्हणणं. त्यात खोटंही काही नव्हतं.

पण एके काळी घाट चढायचा तर गाडीला चाक पनवेलचंच हवं असे. आनंदाचा बाप बाभळीखेरीज दुसऱ्या लाकडाला हात लावत नसे. चाकाभोवती लोखंडी पट्ट्याची धाव चढवायच्या दिवशी अख्खी आळी कारखान्याच्या अंगणात गोळा व्हायची. गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद झालेली धाव चौघं चिमट्यांनी उचलत. वर पाणी पडलं की वाफेत बाप दिसेनासा होई. गिऱ्हाईक एकच विचारी, वजन किती पेलेल? ते दिवस आठवले की आनंदाला अजून भरून येई. आताची गिऱ्हाइकं पॉलिश कुठलं ते विचारत.

व्यापारी हिंदीत सांगत होता, त्यांच्याकडे पावसात रबरी टायर चिखलात रुततात आणि चाकं घडवणारे सुतार आता उरले नाहीत. मग त्यानं मान वर केली.

"यात आसाचा दांडा कुठून घालायचा? उसाची गाडी आहे. वजन किती पेलेल?"

इतक्या वर्षांनी कुणीतरी हे विचारलं, आणि तेही नेमकं या खोट्या चाकापाशी. आनंदाला लाजही वाटली आणि रडूही आलं.

कोमल घाईनं पुढं झाली. भोक पाडून देऊ म्हणणार, हे ओळखून त्यानं तिला हातानं थांबवलं. खोक्याच्या लाकडाचं ते चाक पहिल्याच खड्ड्यात मोडलं असतं. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यानं सांगून टाकलं, की हे चालायचं चाक नाही. खरी जोडी करून पाठवतो, ऊस भरून बघा, मग काय ते बोला.

पाहुण्यानं ऑर्डर दिली नाही. पाठवा, बघू, एवढंच म्हणाला आणि पुढच्या स्टॉलकडे गेला.

कोमल हिरमुसली. रिक्षात बसल्यावर तिनं उद्याच्या सह्यांची आठवण करून दिली. आनंदा आपल्या तळहातांकडे बघत होता.

"बिल्डरला नाय म्हनून कळव, पोरी," तो म्हणाला. "जाळ पेटवायला अंगण लागंल."