सावलीचं माप

प्लोव्दिव शहरातल्या आमच्या कचेरीत उपग्रहाच्या छायाचित्रांवरून गावांचे नकाशे होतात. इमारतीची सावली मोजली की उंची कळते.

त्या दिवशी माझ्या शेजारी बसणाऱ्या झोर्नित्साला एका मोकळ्या माळावर नुसतीच सावली दिसली. ती पाडणारं तिथं काहीच नव्हतं. तिनं गंमत म्हणून मोजली.

"अगदी माझ्याच उंचीची निघाली की," ती हसली.

निवृत्तीला आलेल्या स्टोयकोकाकांचा चेहरा पांढरा पडला. "पोरी, सावलीचं माप कशाला घेतलंस? आमच्याकडचे गवंडी माणसाची सावली चोरून दोरीनं मोजायचे आणि ती दोरी भिंतीत चिणायचे. भिंत टिकायची. माणूस टिकायचा नाही."

"काका, मी कुठं भिंत बांधतेय?"

पुढच्या आठवड्यात त्याच माळाचं नवं छायाचित्र आलं. सावली गेली होती. तिथं चार भिंती उभ्या होत्या.

झोर्नित्सानं खांदे उडवले आणि आम्हाला कॉफीला बाहेर काढलं. भर उन्हात टेबलावर तीन कपांच्या सावल्या पडल्या होत्या. फरशीवर एक माझी होती, एक काकांची.

"खाली काय शोधताय दोघं?" तिनं विचारलं.